अण्णांच्या तबकड्या यूट्यूबवर ठेवाव्यात की काढाव्यात?

सावंतवाडी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पेटी वाजवायचे आणि गावच्या देवळात उत्सवाला येणाऱ्या गवयांना साथ करायचे. ते गेल्यावर माळ्यावरून ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या लाखेच्या) साठेक तबकड्या, दहा-बारा एलपी (जास्त वेळ चालणाऱ्या नंतरच्या तबकड्या) आणि तीन खोके कॅसेट निघाल्या. कॅसेटपैकी काही दुकानातून घेतलेल्या, काही रेडिओवरून भरलेल्या, आणि बऱ्याचशा उत्सवातल्या बैठकी अण्णांनी स्वतः टेप केलेल्या. दोन वर्षांपूर्वी बाईंनी यूट्यूबवर चॅनेल काढलं आणि चाळीसच्या वर गाणी चढवली. आता तीन गोष्टी एकदम पुढ्यात आल्या आहेत. बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीवर एका कंपनीने दावा लावला. १९७२ च्या एका ख्यालाच्या एलपीचा व्हिडिओ बंद झाला. आणि १९९८ च्या उत्सवातल्या बैठकीखाली त्या गवयांच्या नातवाने लिहिलं, 'ही टेप टाकताना कोणाला विचारलंत?' भाऊ म्हणतो, पोलीस दारात यायच्या आधी सगळं पुसून टाक. भाचा म्हणतो, 'जुनं आहे, पैसे घेत नाही, खाली नाव दिलंय, मग कसला कॉपीराइट?' त्या बैठकीच्या टेपमधला तुकडा त्याने वेंगुर्ल्याच्या आपल्या होमस्टेच्या रीललाही लावला आहे. बाई विचारतात, 'काढू की ठेवू? अण्णांचा ठेवा लोकांनी ऐकावा एवढीच इच्छा आहे.'

ताई, पुसू नका, पण आहे तसंही ठेवू नका. आज बसून सगळे व्हिडिओ 'प्रायव्हेट' करा. 'अनलिस्टेड' करून भागत नाही, कारण ज्याच्याकडे दुवा आहे त्याला ते ऐकू येतच राहतात. पुसण्यात तोटा असा की व्हिडिओवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची कॉपीराइटची ताकीद, आला असेल तर तो पुसल्याने जात नाही, आणि ज्या दाव्याला तुमच्याकडे खरं उत्तर आहे तिथे उत्तर द्यायची जागाच उरत नाही. प्रायव्हेट केलंत की घाई संपते आणि एकेक तबकडी, एकेक कॅसेट हातात घेऊन निर्णय करता येतो. दुसरी वाटही नाही, कारण तुमच्या खोक्यांत कायद्याच्या दृष्टीने चार वेगळ्या प्रकारच्या वस्तू एकत्र पडल्या आहेत. भाऊ त्या सगळ्यांना गुन्हा समजतो आणि भाचा सगळ्यांना मोकळं रान.

'अण्णांचा ठेवा' या शब्दांपाशी मात्र थोडं थांबू. तबकड्या अण्णांच्या होत्या, आता तुमच्या आहेत. त्या तुम्ही ऐका, विका, कोणाला द्या. पण हापूसची पेटी विकत घेतली म्हणून बागेच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढत नाही. तबकडीवरचा आवाज पुन्हा उतरवून लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा असतो. व्यापारी तबकडीच्या बाबतीत तो मालक बहुधा कंपनी. उत्सवाच्या टेपांचं गणित निराळं आहे आणि ते तुमच्या बाजूने जातं; त्याकडे पुढे येऊ.

भाच्याचं 'जुनं आहे' हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. नेमकं काय जुनं आहे, एवढंच त्याने पाहिलेलं नाही. एका गाण्याच्या तबकडीत निदान तीन हक्क एकावर एक बसलेले असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. अलीकडच्या गायन-वादनात चौथा असतो, कलाकाराचा. शब्द आणि चाल यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. ध्वनिमुद्रणाची मुदतही ६० वर्षंच, पण ती तबकडी पहिल्यांदा प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून. गायक कधी वारला याचा ध्वनिमुद्रणाच्या मुदतीशी काही संबंध नाही. बालगंधर्व १९६७ साली गेले म्हणून पुष्कळ लोक त्यांच्या सगळ्या तबकड्यांची मुदत तिथून मोजतात, ते चूक आहे. सोपा हिशेब हवा असेल तर पहिल्या प्रसिद्धीच्या वर्षात ६१ मिळवा. येईल त्या वर्षाच्या १ जानेवारीला ते ध्वनिमुद्रण भारतात मोकळं. १९६४ ची तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. तुमची १९७२ ची एलपी ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत बांधलेली आहे.

दोन नाटकं शेजारी ठेवली की हे नीट कळतं. 'स्वयंवर' १९१६ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, म्हणजे शब्द २००९ पासून मोकळे. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ सालीच गेले. त्यातल्या पदाची १९३० च्या दशकातली तबकडी असेल तर तिन्ही मुदती संपल्या. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, ते १९९८ साली गेले, म्हणून चाली २०५८ अखेरपर्यंत सुरक्षित. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, ते १९९९ साली गेले, म्हणून २०५९ अखेरपर्यंत. तिथे ध्वनिमुद्रणाची मुदत कधी संपते हे बघत बसण्यात अर्थच नाही, कारण खालचे दोन थर अजून कित्येक वर्षं बांधलेले आहेत.

ख्यालात लोक जास्त फसतात. राग कोणाच्याच मालकीचा नसतो. सदारंग-अदारंगांच्या बंदिशी अठराव्या शतकातल्या, त्यांचा प्रश्न नाही. भातखंडे १९३६ साली गेले, त्यांच्या रचनाही मोकळ्या. पण श्रीकृष्ण रातंजनकरांच्या रचना २०३४ अखेरपर्यंत आणि कुमार गंधर्वांनी स्वतः बांधलेल्या बंदिशी २०५२ अखेरपर्यंत सुरक्षित आहेत, मग त्या तुमच्या गावातल्या मुलीने गायल्या तरी. रचना नक्की कोणाची हे सिद्ध करणं किती अवघड असतं ते २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्यातल्या 'शिवस्तुती' या बंदिशीवरून ए. आर. रहमान यांच्या चित्रपटगीताविरुद्ध दावा होता. एप्रिलमध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. वाद रागावरून नव्हता. ती बंदिश कोणी बांधली, यावरून होता. म्हणून बंदिशीचा कर्ता ठाऊक नसेल तर 'पारंपरिक' असं ठोकून देऊ नका. आधी छापील संग्रहांत शोधा, गुरुजनांना विचारा.

आता बालगंधर्वांची तबकडी. '७८ ची आहे म्हणजे मोकळीच' असं मात्र धरून चालू नका. भारतात ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. उलट १९३५ चं ध्वनिमुद्रण १९६० नंतर नव्या लेबलाने पुन्हा छापलेलंही सापडतं, तिथे मोजायची ती पहिली प्रसिद्धी. तबकडीवर साल बहुधा नसतं. लेबलवरचा क्रमांक आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, हे दोन्ही टिपून घ्या. मॅट्रिक्स क्रमांक मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो आणि पुनर्मुद्रणातही सहसा तोच राहतो, त्यामुळे नवं लेबल चिकटवलं तरी मूळ ओळखता येतं. पट्टी तिरप्या उजेडात धरा, अक्षरं वर येतात. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि त्या पट्टीचे फोटो काढा. साल लावायला कंपन्यांच्या जुन्या सूची, त्या काळच्या मासिकांतल्या जाहिराती आणि संग्राहकांच्या याद्या कामाला येतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या अंकांत अशा याद्या आहेत. एक वही घाला: कंपनी, क्रमांक, मॅट्रिक्स, कलाकार, पदकर्ता आणि त्याचं मृत्यूवर्ष, संगीतकार आणि त्याचं मृत्यूवर्ष, पहिली प्रसिद्धी, सालाचा पुरावा. साल लागलं नाही तर तो व्हिडिओ प्रायव्हेटच राहू द्या.

साल लागलं आणि तिन्ही थर मोकळे निघाले की दाव्याला उत्तर द्या. पण आधी ते काय आहे ते पाहा. यूट्यूब स्टुडिओत कंटेंटच्या यादीतला 'रिस्ट्रिक्शन्स'चा रकाना उघडा. 'कंटेंट आयडी'चा दावा ही यंत्राने जुळवलेली खूण असते. त्याने चॅनेलला धक्का लागत नाही. फार तर जाहिरातीचं उत्पन्न दावेदाराकडे जातं किंवा व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडे अडवला जातो. स्ट्राइक निराळा: तो मालकाने रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावल्यावर येतो, एरवी ९० दिवस राहतो, आणि असे तीन एकदम झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. एलपीचा व्हिडिओ यातल्या कशाने बंद झाला ते तुमच्या पत्रात नाही. त्या रकान्यात ते लिहिलेलं असेल, ते आधी वाचा.

दाव्यावर 'डिस्प्यूट' दाखल केलीत की दावेदाराला ३० दिवस मिळतात. त्यात तो गप्प राहिला तर दावा आपोआप सुटतो. त्याने नाकारला तर अपील, आणि त्यावर त्याला ७ दिवस. कारण थोडक्यात आणि नेमकं लिहा: 'ही ध्वनिमुद्रिका अमुक क्रमांकाची, पहिली प्रसिद्धी अमुक साली. भारतीय कायद्याच्या कलम २७ नुसार मुदत अमुक तारखेला संपली. पदकर्ता व संगीतकार यांची मृत्यूवर्षं अमुक. आवाज माझ्याकडील मूळ तबकडीवरून उतरवला आहे.' हे शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. कंपनीने नंतर साफसूफ करून काढलेल्या सीडीवरून आवाज घेतला असेल तर तुम्ही दुसऱ्याच वादात शिरता, म्हणून खरखर राहिली तरी आपली तबकडी बरी. भावना, वडिलांची आठवण, संस्कृतीची सेवा यातलं काही त्या खिडकीत लिहू नका. समोर बसलेल्या माणसाला तारीख हवी असते.

एक अडथळा इथे येतोच. यूट्यूब अमेरिकेतली कंपनी आहे आणि तिकडे १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना खूपच लांब मुदत आहे. १९२२ पर्यंतची ध्वनिमुद्रणं तिथे १ जानेवारी २०२२ ला मोकळी झाली. पुढच्यांना प्रसिद्धीपासून शंभर वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक थांबावं लागतं. म्हणजे १९५० ची तबकडी इथे मोकळी आणि तिथे बांधलेली, असं होऊ शकतं. भारतात ऐकू येतं आणि न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला येत नाही, एवढ्यावर प्रकरण मिटत असेल तर मिटू द्या. स्ट्राइकला 'काउंटर नोटिफिकेशन' द्यायची वेळ आली तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. त्यात तुमचं खरं नाव आणि पत्ता समोरच्याला जातो, खोटं बोलल्यास शिक्षा मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं आणि अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र कबूल करावं लागतं. तीन मिनिटांच्या पदासाठी हे ओझं जड आहे.

१९७२ च्या एलपीवर वाद घालू नका. दुकानातून घेतलेल्या कॅसेटही त्याच रांगेतल्या. ऐंशीच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांना २०४० च्या दशकापर्यंत मुदत आहे. त्या एलपीत तुम्हाला काही दाखवायचं असेल, समजा, विलंबितातली आवर्तनं भरण्याची रीत किंवा बोलतानांची ठेवण, तर तुम्ही स्वतः बोला, पेटीवर वाजवून दाखवा आणि मध्ये गरजेपुरता तुकडा ऐकवा. कलम ५२ मध्ये समीक्षा-परीक्षणासाठी योग्य प्रमाणात वापर करायला मुभा आहे. ३० सेकंदांपर्यंत चालतं, हा नियम मात्र कुठेच नाही. दहा सेकंदही जास्त ठरू शकतात आणि एक मिनिटही योग्य ठरू शकतं. तुमचं बोलणं किती आणि उसना आवाज किती, हे पाहिलं जातं. तरीही यंत्र दावा लावेलच, कारण त्याला फक्त आवाज कळतो, हेतू नाही. शिकवण्या घेणाऱ्यांसाठीही हेच: वर्गात मुलांना ऐकवायला कायद्याची हरकत नाही, पण तीच क्लिप चॅनेलवर गेली की तो वर्ग राहत नाही.

'खाली नाव दिलंय' याबद्दल. नाव देणं हे कलाकाराचं देणं आहे, ते द्यायलाच हवं, साथीदारांचंही. पण ते परवानगीच्या जागी चालत नाही. उलट कधीकधी त्याने मालकाला तुमचा व्हिडिओ चटकन सापडतो. 'पैसे घेत नाही' याला थोडं वजन आहे, पण भाचा समजतो तिथे नाही. हक्कभंग झाला की नाही हे कमाईवर ठरत नाही. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. तो व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, त्यामुळे भावाची धास्ती अगदीच हवेतली नाही. तरी अशा छोट्या चॅनेलच्या बाबतीत व्यवहारात पहिली पायरी दावा किंवा काढून टाकण्याची मागणी हीच असते. त्या पायरीवर तुम्ही सभ्यपणे वागलात, की गोष्ट सहसा पुढे जात नाही. 'जाणूनबुजून' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. नातवाने हरकत घेतल्यानंतर व्हिडिओ तसाच ठेवणं हे जाणूनबुजूनच होतं.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेट चढवू नका. स्वतः ऐकण्यासाठी टेप करणं चालतं, पण पुढे प्रसारित करणं नाही. प्रसारणाचा स्वतंत्र हक्क २५ वर्षांचा आहे आणि तो संपला तरी आतल्या मूळ ध्वनिमुद्रणाचा, रचनेचा आणि कलाकाराचा हक्क उरतोच. तारीख, केंद्र, कलाकार यांची नीट यादी करून ती प्रसारभारतीच्या संग्रहाला कळवा. तुमच्याकडे आहे ते त्यांच्याकडे नसण्याची शक्यता असतेच.

आणि आता उत्सवाच्या टेपा. चाळीस व्हिडिओंमध्ये माझ्या मते खरा ठेवा हाच आहे. बाकीच्या तबकड्या आणखी कोणा संग्राहकाकडे असतील. देवळाच्या मंडपात रात्री अडीच वाजता रंगलेली ती बैठक बहुधा फक्त अण्णांच्या टेपवर आहे. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा माणूस. मायक्रोफोन कोणी लावला, टेप कोणी आणली? अण्णांनी. तेव्हा या ध्वनिमुद्रणांचे कर्ते अण्णा, आणि आता सगळे वारस मिळून मालक. 'सगळे' म्हणजे पोलिसांची भीती घालणारा भाऊही. त्याची लेखी संमती घ्या, आई असेल तर तिचीही. देवस्थान समितीने सांगून, खर्च करून टेप करून घेतलं असेल तर हक्क समितीकडे जाऊ शकतो. जुन्या खर्चाच्या वह्या बघा.

पण आवाज गवयांचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलाकाराचा हक्क आला आणि तो १९९५ पासून लागू झाला. त्याची मुदत गायन झालं त्या वर्षानंतर ५० वर्षं. १९९८ ची बैठक २०४८ अखेरपर्यंत त्या कक्षेत आहे आणि गवई हयात नसले तर वारसांना विचारावं लागतं. त्या नातवाचा प्रश्न रास्त आहे. तबलजी, सारंगिया, मागे तंबोऱ्यावर बसून गाणारा शिष्य, हेही कलाकारच. जे सापडतील त्यांनाही विचारा. अण्णांच्या पेटीचा हक्क तुमच्याच घरात आहे. १९९५ पूर्वीच्या बैठकींना हे संरक्षण मागे जाऊन लागतं का, यावर वकील वाद घालू शकतील. तुम्ही त्यात न शिरता त्या घरांनाही विचारा. देवाच्या दारी बिदागी घेऊन गायलेला माणूस जगभर ऐकवण्याची परवानगी देऊन गेला होता असं धरता येत नाही. कित्येक गवई अशा रात्री गळा साथ देत नसतानाही गायलेले असतात, आणि ते गाणं मागे राहावं असं त्यांना वाटलंच असेल असं नाही.

परवानगी तोंडी नको. कायद्याने परवाना लेखी असावा लागतो, आणि कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूबच्या कामाला तो कागद मग अपुरा पडतो. मजकूर असा चालेल: 'कै. (गायकाचं नाव) यांचा वारस या नात्याने मी, (नाव), अमुक तारखेला अमुक देवळात झालेल्या त्यांच्या गायनाचं श्री. (अण्णांचं नाव) यांनी केलेलं ध्वनिमुद्रण संपूर्ण अथवा अंशतः, इंटरनेटवर, जगभर, (इतकी) वर्षं लोकांना ऐकवण्यास परवानगी देत आहे. ही परवानगी फक्त तुम्हालाच दिलेली नसून अन्य कोणास देण्याचा माझा हक्क राखून आहे. जाहिरातीचं उत्पन्न घेतलं जाणार नाही. जाहिरातीसाठी वापर होणार नाही. गायक व साथीदारांची नावं दिली जातील. मी लेखी कळवल्यास (इतक्या) दिवसांत ध्वनिमुद्रण काढलं जाईल.' सही, तारीख, एकाहून अधिक वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या.

नातवाला आधी फोन करा आणि व्हिडिओ प्रायव्हेट केल्याचं सांगा. मग बैठकीची संपूर्ण प्रत पेनड्राइव्हवर पाठवा, काही न मागता. पुष्कळ घरांत आजोबांची अशी एकही मैफल नसते. परवानगीचा कागद दुसऱ्या खेपेला. नाही म्हणाले तर नाही; टेप तुमच्याकडे राहील, मुदत संपेपर्यंत.

मधल्या काळात टेपा वाचवा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्याला कॉपीराइट कळत नाही. स्वतःसाठी जपणुकीची प्रत करणं हा खासगी वापर आहे. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसणारी कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. चांगली कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या. आवाज दबलेला वाटला तर बहुधा हेडचा कोन जुळत नसतो. तिथला छोटा स्क्रू किंचित फिरवत वरचे सूर उघडेपर्यंत जुळवायचा. ७८ च्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते, ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) सुई लागते. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. पहिली प्रत खरखरीसकट, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. साफसफाई नंतर, दुसऱ्या प्रतीवर. आणि वेग तपासा. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. ७८ ची तबकडी ८२ ने फिरली तर पेटीवरच्या काळी एक पट्टीचा षड्ज जवळजवळ शेजारच्या पांढरी दोनवर जाऊन बसतो आणि गवई उगीचच घाईत असल्यासारखा वाटतो.

'लोकांनी ऐकावं' याचा अर्थ यूट्यूबच, असं का? नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कलम ५२ मुभा देतं. गावातल्या संगीत मंडळाने महिन्यातून एक श्रवणसत्र घेतलं, तर १९७२ ची एलपीसुद्धा तिथे सुखाने वाजेल. अव्यापारी सार्वजनिक वाचनालयाकडे मूळ प्रत असेल तर त्याला जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवता येते. रत्नागिरी, सावंतवाडीत शंभरी कधीच ओलांडलेली वाचनालयं आहेत. तबकड्या वहीसकट त्यांच्याकडे सोपवण्याचा विचार करा. देवस्थानांच्या वाचकांसाठी एक गोष्ट: धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण वाजवायला सूट आहे, पण त्याच समारंभाचं थेट प्रक्षेपण वर्षानुवर्षं चॅनेलवर पडून राहिलं तर ती सूट तिथपर्यंत ताणता येईल असं धरू नका. पालखीच्या मागे स्पीकरवर कॅसेट चालू असेल तर प्रक्षेपणाचा आवाज तेवढा वेळ बंद ठेवा.

राहिला भाच्याचा रील. तो आजच काढायला सांगा, कारण खोल्या भाड्याने देण्यासाठी वापरलेला आवाज म्हणजे सरळ जाहिरात. वारसांनी चॅनेलसाठी परवानगी दिली तरी ती याला लागू होत नाही. इन्स्टाग्रामच्या गाण्यांच्या यादीतून उचलणं हाही उपाय नाही. ती वैयक्तिक वापरासाठी असते. धंद्याच्या खात्याला इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचा, मेटाचा, 'साउंड कलेक्शन' वापरता येतो. जेवणाच्या पडवीत पाहुण्यांसाठी गाणी लावत असेल तर तिथेही परवाना लागतो, कारण निवासी इमारतीच्या सामायिक खोलीला असलेली सूट हॉटेल आणि तशा व्यवसायांना कायद्याने मुद्दाम वगळली आहे. असा परवाना देणाऱ्या संस्थांपैकी शब्द-चालींसाठी आयपीआरएस आहे आणि बऱ्याच कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल. आपण लावतो ती गाणी त्यांच्या यादीत आहेत का, हे आधी विचारून मगच पैसे भरावेत.

त्याहून स्वस्त आणि चांगलं म्हणजे सावंतवाडी-कुडाळकडच्या एखाद्या बासरीवाल्याला किंवा पेटीवाल्याला बोलावून भूप किंवा दुर्गा रागातली, त्याने स्वतः आयत्या वेळी बांधलेली दोन-तीन मिनिटांची धून ध्वनिमुद्रित करून घेणं. कोणाची ओळखीची चाल नको, नाहीतर पुन्हा मूळपदावर. कागदावर रक्कम, वर्षं, 'जगभर', 'जाहिरातीसाठी' हे शब्द आणि कोणकोणत्या खात्यांवर, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. रीलखाली वाजवणाऱ्याचं नाव द्यायचं.